कागदावरचा उजेड

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील जयचामराजेंद्र कलादालनात प्रेक्षक ज्या एका चित्रापुढे हमखास थबकतात, ते सावंतवाडीत जन्मलेल्या आणि मुंबईत कारकीर्द घडवलेल्या एका मराठी चित्रकाराचे आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्या अनेक पर्यटकांना चित्र पाहून परतल्यावरही ठाऊक नसते. ‘ग्लो ऑफ होप’ या इंग्रजी नावाने ओळखले जाणारे हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांनी 1945-46 च्या सुमारास रंगवले. जांभळट छटेची साडी नेसलेली एक तरुणी हातात दिवा घेऊन उभी आहे, दुसऱ्या हाताचा आडोसा तिने ज्योतीला धरला आहे, आणि त्या उजेडाने तिचा चेहरा व बोटे उजळून निघाली आहेत. चित्राचा विषय एवढाच आहे. पुराणकथा नाही, राजदरबार नाही, कोणतीही घटना नाही.

या चित्रापुढे उभ्या राहिलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या तोंडून पहिला उद्गार बहुधा ‘किती खरे वाटते!’ असाच निघतो. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या मंडळींना हा उद्गार बाळबोध वाटतो, कारण हुबेहूबपणा ही कलेची कसोटी नव्हे, असे विसाव्या शतकातील कलाविचाराने त्यांना शिकवलेले असते. तरीही त्या उद्गाराला हसण्याचे कारण नाही. दिव्याचा खरा उजेड आणि कागदावरचा रंग या दोन सर्वस्वी भिन्न वस्तू असताना एकीने दुसरीचा भास निर्माण करावा, याचे आश्चर्य वाटणे ही पाहण्याची अत्यंत प्रामाणिक सुरुवात आहे. अडचण एवढीच, की बहुतेक प्रेक्षकांच्या बाबतीत ही सुरुवातच शेवट ठरते. उद्गार काढून झाला, की पाय पुढच्या चित्राकडे वळतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी प्रेक्षकांचे निरीक्षण करून 2001 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एका कलाकृतीपुढे प्रेक्षक सरासरी 27.2 सेकंद थांबतात असे आढळले, आणि ही सरासरीदेखील रेंगाळणाऱ्या थोड्या लोकांमुळे वाढलेली होती, कारण निम्म्या वेळा हा अवधी 17 सेकंदांच्या आतच संपत होता. जगप्रसिद्ध चित्रांच्या वाट्याला जर एवढाच वेळ येत असेल, तर इतर चित्रांची कथा वेगळी सांगायला नको.

वेळ कमी पडतो तो केवळ घाईमुळे नव्हे. चित्राला विचारायला दुसरा प्रश्नच हाताशी नसेल, तर डोळ्यांना तेथे थांबण्याचे प्रयोजन उरत नाही. आल्फ्रेड यार्बस या रशियन शास्त्रज्ञाने नेत्रांच्या हालचाली टिपणारे उपकरण वापरून इल्या रेपिन यांच्या एका चित्रावर जे प्रयोग केले, ते या दृष्टीने फार बोलके आहेत. त्या चित्रात एक माणूस दीर्घ काळानंतर अनपेक्षितपणे घरी परतला आहे आणि खोलीतील माणसे त्याच्याकडे पाहत आहेत. हेच चित्र एकाच व्यक्तीपुढे पुन्हा पुन्हा ठेवून यार्बसने दर वेळी वेगळा प्रश्न विचारला. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती कशी असावी, माणसांची वये काय असावीत, पाहुणा किती काळाने आला असावा, असे ते प्रश्न होते. प्रश्न बदलला, की नजरेचा चित्रावरील मार्ग पूर्णपणे बदलत असे. वयाचा प्रश्न आला की डोळे चेहऱ्यांवरून फिरत आणि श्रीमंतीचा आला की कपड्यांवर व सामानावर जात. म्हणजे डोळा चित्रात काय शोधणार, हे बऱ्याच अंशी मनातील प्रश्न ठरवतो. हळदणकरांच्या चित्रापुढे ‘खरे वाटते का?’ याऐवजी ‘हा उजेड आला कुठून?’ असा प्रश्न मनात धरला, तर तेच चित्र वेगळे दिसू लागते.

या प्रश्नाचे उत्तर चित्राच्या माध्यमात दडलेले आहे. हे चित्र तैलरंगातील असावे असा अनेकांचा समज होतो, पण ते जलरंगातील आहे, आणि हा फरक केवळ साहित्याचा नाही. तैलरंगात रंगद्रव्य जवसाच्या तेलासारख्या वाळणाऱ्या तेलात खललेले असते. हा रंग सावकाश वाळतो, पुसता येतो, खरवडता येतो, आणि मुख्य म्हणजे गडद रंगावर फिकट रंग चढवता येतो. म्हणून तैलचित्रकार आधी अंधार रंगवून त्यावर शेवटी पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा जाड ठिपका ठेवून ज्योत पेटवू शकतो. पारदर्शक जलरंगाची रीत नेमकी उलटी आहे. त्यात रंगद्रव्य डिंकाच्या पाण्यात मिसळलेले असते आणि त्याचा अतिशय पातळ थर, ज्याला चित्रकार ‘वॉश’ म्हणतात, कागदावर पसरला जातो. दालनातील प्रकाश हा थर भेदून खालच्या पांढऱ्या कागदापर्यंत पोहोचतो, तेथून परावर्तित होतो आणि पुन्हा त्याच रंगाच्या थरातून गाळून प्रेक्षकाच्या डोळ्यांत येतो. या पद्धतीत पांढरा रंग वापरला जात नाही. पांढरे जे काही दिसते, तो कोरा ठेवलेला कागद असतो. म्हणून जलरंगात उजेड ‘लावता’ येत नाही, तो राखावा लागतो. सर्वांत उजळ जागा कोणती, हे पहिला वॉश देण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते आणि मग काम फिकटाकडून गडदाकडे, एकाच दिशेने चालते, कारण एकदा काळवंडलेला कागद पूर्ववत शुभ्र होत नाही.

सकाळच्या उन्हाचे निसर्गचित्र रंगवताना ही अट जाचक ठरत नाही, कारण तेथे बराचसा कागद उजळच राहायचा असतो. रात्रीच्या दिव्याचे चित्र मात्र या माध्यमाच्या स्वभावाविरुद्ध जाते. तेथे कागदाचा मोठा भाग अंधाराने व्यापायचा असतो, तो अंधार दाट दिसण्यासाठी थरांवर थर चढवावे लागतात, आणि जलरंगाचे थर वाढले की खालचा रंग ढवळून निघण्याचा, सारे गढूळ व निर्जीव होण्याचा धोका दर वेळी वाढत जातो. हळदणकरांनी हा धोका जाणीवपूर्वक पत्करला. जलरंगात चुकीला वाव नसतो आणि तरीही एवढे अवघड चित्र त्यात निर्दोष उतरू शकते, हे सिद्ध करण्याच्या ईर्ष्येतून ते काढले गेले, असे या चित्राविषयी सांगितले जाते. चित्रातील गडद भागांकडे पाहिले, तर ही ईर्ष्या सार्थ ठरल्याचे पटते. तेथील अंधार काळा नाही, मळका तर मुळीच नाही. त्याला खोली आहे.

माध्यमाची आणखी एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. प्रत्यक्ष खोलीत दिव्याची ज्योत आणि कोपऱ्यातील अंधार यांच्या तेजात शेकडो-हजारो पटींचा फरक असतो, तर कागदाची शुभ्रता आणि रंगाचा गडदपणा यांच्यातील फरक त्या मानाने अगदीच थोडा असतो. चित्रकाराजवळ खरे तेज नसतेच. त्याच्याजवळ केवळ तुलना असते. फ्रान्सच्या गोब्लँ येथील प्रसिद्ध गालिचे-कारखान्याच्या रंगशाळेचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी 1839 मध्ये या तुलनेचा नियम ग्रंथरूपाने मांडला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलून दाखवतात, फिकट रंग गडदाच्या शेजारी अधिक फिकट भासतो आणि उष्ण छटा शीत छटेच्या शेजारी अधिक उष्ण वाटते, असा त्याचा आशय आहे. ‘ग्लो ऑफ होप’मधील साडीचा जांभळटपणा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. जांभळा हा पिवळ्याचा विरोधी रंग मानला जातो. दिव्याच्या पिवळ्या-नारिंगी उजेडाला शेजार मिळाला तो याच रंगाचा, आणि त्यामुळे कागदावर प्रत्यक्षात असलेल्या तेजापेक्षा कितीतरी अधिक तेज डोळ्याला भासते. साडी पिवळी किंवा केशरी असती, तर त्याच कौशल्याने रंगवलेला दिवा अर्धा विझलेला वाटला असता.

प्रकाश जसजसा दूर जातो, तसतसा तो झपाट्याने मंदावतो. ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. ज्योतीलगतची बोटे, त्यांहून दूर असलेला चेहरा, खांद्यावरचा पदर आणि मागची पार्श्वभूमी यांच्यावरील उजेडाची उतरंड चित्रकाराने इतकी अचूक साधली आहे, की कोठेही जोड दिसत नाही. मात्र या चित्राचा प्राण बोटांत आहे. दिव्याला आडोसा धरलेल्या हाताची बोटे कडांशी लालसर दिसतात, कारण प्रखर प्रकाश बोटांच्या पातळ भागातून आरपार जाताना रक्त व मांस त्यातील निळा-हिरवा अंश शोषून घेतात आणि लाल तेवढा बाहेर पडतो. हा अनुभव प्रत्येकाच्या लहानपणीचा आहे. मुठीत टॉर्च धरून बोटे लाल झालेली पाहिली नाहीत, असे मूल विरळा. जलरंगाचा पातळ थर आणि त्यामागचा उजळ कागद यांचे नाते तर नेमके असेच असते. जे प्रकाश बोटांत करतो, तेच तो या कागदावरही करतो. तैलरंगात लाल रंग लावून बोटांची पारदर्शकता सुचवावी लागली असती. जलरंगात ती पारदर्शकता माध्यमाच्या अंगीच आहे. या एका जागी विषय आणि माध्यम असे काही एकरूप झाले आहेत, की हळदणकरांनी जलरंगाची निवड केवळ पैजेखातर केली असेल, असे मानणे कठीण जाते.

ज्योतीला धरलेला हात आणि त्यातून झिरपणारा प्रकाश हा विषय युरोपीय चित्रकलेत जुना आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील ‘सेंट जोसेफ द कार्पेंटर’ या चित्रात बाल येशू सुताराचे काम करणाऱ्या वृद्ध जोसेफसाठी मेणबत्ती धरून उभा आहे आणि त्याच्या कोवळ्या बोटांतून उजेड पाझरतो आहे. सतराव्या शतकातील जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराचे हे तैलचित्र आहे. तेथे मेणबत्तीच्या प्रकाशाला धर्मकथेचा भार वाहायचा आहे. बालकाचे भावी प्राक्तन आणि जोसेफच्या हाताखालची लाकडे यांचा संबंध श्रद्धावान प्रेक्षकाने जाणावा, अशी ती योजना आहे. हळदणकरांच्या चित्रात असा कोणताही संकेत उलगडायचा नाही. दिवेलागणीला घरातील मुलगी दिवा घेऊन येते आणि वाऱ्याने तो विझू नये म्हणून तळहात पुढे धरते, या रोजच्या हालचालीपलीकडे त्यात काही घडत नाही, आणि तरीही पाहणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. ला तूरची आठवण आणखी एका कारणाने होते. मृत्यूनंतर हा चित्रकार जवळजवळ पूर्णपणे विस्मृतीत गेला आणि त्याची चित्रे इतरांच्या नावावर जमा होत राहिली. हेर्मान फॉस या जर्मन कलेतिहासकाराने 1915 मध्ये काही चित्रे त्याच्या नावाशी पुन्हा जोडली, तेव्हा कुठे त्याचा शोध सुरू झाला.

हळदणकरांच्या चित्राचे नशीबही काहीसे असेच आहे, फक्त येथे विस्मृतीला कागदपत्रांचा अभाव हे कारण देता येत नाही. ‘ग्लो ऑफ होप’ राजा रविवर्मांचे आहे, असे आजही असंख्य लोक मानतात आणि एकमेकांना सांगतात. रविवर्मांचे निधन 1906 मध्ये झाले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी काढलेले आहे. रविवर्मांची कीर्ती तैलरंगातील कामावर उभी आहे, तर हे चित्र जलरंगातील आहे. गैरसमज तरीही टिकतो, कारण त्याच राजवाड्यात रविवर्मांची गाजलेली चित्रे आहेत. शिवाय 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेल्या त्यांच्या छापखान्याने साडीतील सुंदर भारतीय स्त्री आणि रविवर्मा हे समीकरण घराघरांतील भिंतींवर कायमचे चिकटवून ठेवले आहे. मोठ्या नावाकडे चांगली कलाकृती आपोआप ओढली जाते. रविवर्मांचे मोठेपण त्याने वाढत नाही, मात्र हळदणकरांचे श्रम तेवढे अनाम होतात, आणि ही बाब किरकोळ समजून सोडून देण्यासारखी नाही.

कारण हळदणकर हे अपघाताने एक चित्र साधलेले हौशी कलावंत नव्हते. 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाने जी वास्तववादी परंपरा रुजवली, त्या परंपरेत ते तयार झाले. वास्तववादी म्हणजे शरीररचना, यथादर्शन आणि छायाप्रकाश यांचा कसून अभ्यास करून दृश्य जसे दिसते तसे उभे करणारी. 1908 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढून पिढ्यांना शिकवले आणि 1918 मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. ‘ग्लो ऑफ होप’ काढताना ते साठी ओलांडलेले होते. त्यातील हातखंडा हा चार दशकांच्या साधनेचा आहे. चित्रातील तरुणी म्हणजे त्यांची कन्या गीता. दिवाळीच्या दिवसांत तिच्या हातातील दिवा पाहून वडिलांना कल्पना सुचली आणि त्यासाठी आपण सुमारे तीन तास उभ्या होतो, असे पुढे गीता उपळेकर यांनीच सांगितले. हे कळल्यावर चित्रातील चेहऱ्याकडे पुन्हा पाहावे. तेथे प्रेक्षकाकडे रोखलेली नजर नाही, सौंदर्याचे प्रदर्शन नाही. रविवर्मांच्या अनेक नायिकांना आपण पाहिल्या जात आहोत याचे भान असते. या मुलीचे सारे लक्ष ज्योतीकडे आहे.

चित्राचा काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यानंतर अवघ्या एक-दोन वर्षांत, 1947 मध्ये, मुंबईतच प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली आणि सूझा, रझा, हुसेन, आरा प्रभृतींनी अकादमिक वास्तववाद मोडीत काढला. नव्या कलेला वाट मोकळी होणे आवश्यकच होते. त्या धांदलीत हळदणकरांसारख्यांची चित्रे ‘निव्वळ कारागिरी’ या शिक्क्याखाली बाजूला सरली, आणि लोकांना ती आवडतात हाच जणू त्यांच्या विरोधातील पुरावा झाला. हा निवाडा घाईचा होता. बा. सी. मर्ढेकरांनी याच सुमारास मराठी सौंदर्यविचारात असे प्रतिपादन केले, की कलाकृतीचे सौंदर्य तिच्या विषयात किंवा ती जागवत असलेल्या भावनेत नसून तिच्या घटकांच्या लयबद्ध रचनेत असते, आणि ही लय संवाद, विरोध व समतोल या तीन तत्त्वांनी सिद्ध होते. वास्तववादी चित्राच्या चाहत्यांना हा विचार परका वाटेल, पण ‘ग्लो ऑफ होप’ त्या कसोटीला सहज उतरते. पिवळा आणि जांभळा यांचा विरोध, चेहरा व हात यांवरील उष्ण छटांचा संवाद, आणि उजेडाचा लहानसा पुंजका व अंधाराचा मोठा विस्तार यांतील समतोल, हे सारे मुलगी, दिवा, आशा हे शब्द क्षणभर बाजूला ठेवूनही दिसू शकते. मर्ढेकरांचा सिद्धान्त येथे अपुरा पडतो तो वेगळ्याच कारणाने. ज्योतीपुढचा तळहात ही केवळ नारिंगी आकृती नाही. तो काहीतरी जपणारा हात आहे, आणि हे ओळखल्याशिवाय त्या आकृतीचे वजन कळत नाही. चित्राचे इंग्रजी नाव मात्र प्रेक्षकाला फारसे साहाय्य करत नाही. ‘आशेचा किरण’ असे आधीच सांगून टाकल्यावर पाहण्याआधीच अर्थ हातात पडतो, आणि अर्थ मिळाला की डोळे काम थांबवतात.

हे चित्र काळोख्या जागेत मांडून दाखवण्याची प्रथा पडली, ती त्यातील तेज उठून दिसावे म्हणून. अंधारात पाहताना बाहुल्या विस्फारतात आणि कागदावरचा उजेड खरोखर पेटल्यासारखा वाटतो. नाट्य म्हणून ते प्रभावी आहे. पण कागदावरील जलरंग प्रखर प्रकाशात फिके पडतात, आणि म्हणूनच जगभरच्या संग्रहालयांत अशा कामांवर सुमारे 50 लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू न देण्याचा प्रघात आहे. एक लक्स म्हणजे एका मेणबत्तीचा एक मीटर अंतरावर पडणारा उजेड, हे लक्षात घेतले तर हा प्रकाश किती मंद असतो, याची कल्पना येईल. घरोघरी लागलेल्या छापील प्रतींतून यातले फारसे पोहोचत नाही, कारण छपाईत मूळ चित्रातील पातळ थरांची जागा चार शायांचे बारीक ठिपके घेतात. मूळ चित्रापुढे जाण्याचे खरे कारण हे आहे. तेथे पोहोचल्यावर डोळे अंधाराला सरावण्यासाठी दोन-तीन मिनिटे द्यावीत, चेहरा थोडा वेळ विसरून नजर बोटांवर स्थिरावू द्यावी, आणि मग शोधावी ती चित्रातील सर्वांत उजळ जागा, जेथे साठी ओलांडलेल्या एका चित्रकाराने, मुलगी समोर उभी असताना, आपला कुंचला टेकवलाच नाही.